मधुमेहाचे निदान आणि वऱ्हाडचे ताट

प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा तालुक्याच्या दवाखान्यातून रक्ततपासणीचा कागद हाती पडतो आणि घरातील कर्त्या माणसाला मधुमेह झाला असल्याचे कळते. त्या दिवशी घरात जो प्रश्न सर्वप्रथम उपस्थित होतो तो बहुधा औषधाचा नसतो. 'आता जेवायचे काय?' हा तो प्रश्न होय. शेजारी सांगतात, भात सोडा. नातेवाईक सांगतात, पोळी बंद करून केवळ भाकरी खा. कोणी कारल्याचा रस सुचवितो, तर कोणी महागड्या पिठाचा पुडा आणून देतो. आठ दिवसांत रुग्णाचे पातेले घरच्या पातेल्यापासून निराळे होते, महिन्याभरात रुग्ण कंटाळतो आणि पुढे हळूहळू सारे पूर्ववत सुरू होते. अमरावती-अकोल्याच्या शहरी वस्तीत काय किंवा दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर, बाळापूर या तालुक्यांतील खेड्यांत काय, हा क्रम अपरिचित नाही.

या क्रमात वाया जातो तो काळ मात्र अत्यंत मोलाचा असतो. नव्यानेच मधुमेह आढळलेल्या ५,१०२ रुग्णांची एक दीर्घ पाहणी ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची रक्तशर्करा आरंभापासून अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवण्यात आली, त्यांच्यात डोळे व मूत्रपिंड यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. पाहणी संपल्यानंतर दहा वर्षांनीही त्या लाभाचा अंश टिकून होता, असे २००८ साली दिसून आले. प्रारंभीची वर्षे सांभाळली तर त्यांचे फळ पुढे दीर्घकाळ मिळते, असा याचा अर्थ होय. आणि ही वर्षे सांभाळावयाची असतील, तर वऱ्हाडातील माणसाला वऱ्हाडच्याच स्वयंपाकघरात, त्याच्या मिळकतीत बसेल असे उत्तर मिळाले पाहिजे.

आजाराचे स्वरूप

भाकरी, पोळी, भात, बटाटा, साबुदाणा या सर्वांतील पिष्टमय पदार्थांचे पचनानंतर ग्लुकोज या साखरेत रूपांतर होते. ही साखर रक्तातून शरीरभर फिरते. परंतु पेशींच्या आत शिरण्यासाठी तिला स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्शुलिनची आवश्यकता असते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. स्नायू व यकृत इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे होतात आणि ती उणीव भरून काढता काढता स्वादुपिंडाची शक्तीही क्षीण होऊ लागते. परिणामी साखर रक्तातच साचून राहते. केवळ गोड खाल्ल्यामुळे हा आजार होतो, हा समज म्हणूनच अपुरा आहे. ज्याने आयुष्यात पेढा-जिलेबीचा सोस केला नाही, परंतु ताटभर भात व चार-पाच पोळ्या खाऊन बैठे काम केले, त्यालाही हा आजार होऊ शकतो.

'मी तर हडकुळा माणूस, मला कसला मधुमेह?' असाही प्रश्न विचारला जातो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या प्रश्नावर मोठा प्रकाश टाकला आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले होते. उंचीच्या मानाने दोघांच्याही वजनाचा निर्देशांक सारखाच, म्हणजे २२.३ होता. तथापि युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात ते २१.२ टक्के होते. भारतीय माणूस दिसावयास बारीक असला तरी पोटाभोवती व आतील अवयवांभोवती त्याची चरबी अधिक असू शकते. यास्तव वजनकाट्याइतकेच महत्त्व कंबरेभोवतीच्या फितीला आहे. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते.

या आजाराचा विस्तारही लक्षात घेण्याजोगा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख आहे. शहरी भागात प्रौढांपैकी १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के लोकांना हा आजार आढळला. मधुमेह हा शहरातील सुखवस्तू लोकांचाच आजार होय, ही समजूत आता टिकणारी नाही.

कागदावरील आकडे

उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात साखर १०० मिलिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असणे, ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी ती २०० किंवा त्याहून अधिक असणे, अथवा मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी ही तपासणी ६.५ टक्के किंवा अधिक येणे, यांवरून मधुमेहाचे निदान केले जाते. लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेण्याचा प्रघात आहे. बोटातील थेंबावर यंत्राने केलेली चाचणी ही प्राथमिक छाननी होय. अंतिम निर्णय शिरेतील रक्ताच्या तपासणीवरून होतो. उपचार सुरू झाल्यानंतर बहुतेक प्रौढांच्या बाबतीत एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. वृद्ध व इतर व्याधींनी ग्रस्त असलेल्या रुग्णांसाठी ही मर्यादा डॉक्टर थोडी सैल ठेवतात.

वऱ्हाडचे ताट: काल आणि आज

कापूस, ज्वारी आणि तूर ही वऱ्हाडच्या काळ्या जमिनीची जुनी पिके होत. घरची ज्वारी, घरची तूर आणि परसातील भाजी यांवर येथील जेवण उभे होते. भाकरी, झुणका, आंबाडीची भाजी, तुरीचे वरण, जवसाची चटणी आणि मिरचीचा ठेचा हे ताट श्रम करणाऱ्या माणसाचे ताट होते. गेल्या काही दशकांत खरिपाच्या ज्वारीचे क्षेत्र झपाट्याने आक्रसले आणि तिची जागा मुख्यत्वे सोयाबीनने घेतली. सोयाबीन बाजारात जाते; ते घरच्या ताटात क्वचितच येते. दुसरीकडे स्वस्त धान्य दुकानांतून प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य देय आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जात आहे. या व्यवस्थेने गरीब घरातील चूल पेटती ठेवली, हे निर्विवाद होय. मात्र घरी न पिकणारी ज्वारी विकत घ्यावी लागत असल्याने भाकरीची जागा अनेक घरांत पोळीने आणि भाताने घेतली.

श्रमातही पालट झाला. नांगरणी, मळणी, पाणी ओढणे, दळण-कांडण ही कामे यंत्राकडे गेली. शेतीचे श्रम हंगामी असतात. पेरणी, डवरणी आणि कापसाची वेचणी या दिवसांत शरीर राबते. परंतु फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत अनेकांच्या हातांना फारसे काम नसते. ताटातील भाकरींची संख्या मात्र बाराही महिने तीच राहते. शिक्षक, कारकून, दुकानदार यांच्या बाबतीत तर हा रिकामा हंगाम वर्षभर चालतो.

ज्वारी की गहू?

मधुमेह आढळताच बहुतेकांना मिळणारा पहिला सल्ला म्हणजे 'गहू सोडा, ज्वारी धरा' हा होय. या सल्ल्यातील तथ्य आणि मर्यादा दोन्ही समजून घेतल्या पाहिजेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ व १० ग्रॅम प्रथिने असतात. कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठात सुमारे ६४ ग्रॅम पिष्टमय पदार्थ व साडेदहा ग्रॅम प्रथिने असतात. दोहोंतील तंतूंचे प्रमाणही जवळपास सारखेच, म्हणजे १० ते ११ ग्रॅम आहे. सडलेल्या पांढऱ्या तांदळात मात्र पिष्टमय पदार्थ सुमारे ७८ ग्रॅम आणि तंतू तीन ग्रॅमहूनही कमी असतात. याउलट तुरीच्या डाळीत पिष्टमय पदार्थ ५५ ग्रॅम, तर प्रथिने सुमारे २२ ग्रॅम असतात.

या आकड्यांवरून दोन निष्कर्ष निघतात. भाताचे प्रमाण कमी करणे हिताचे आहे, हा पहिला. भाकरी आणि कोंड्यासह पिठाची पोळी यांत फार मोठे अंतर नाही, हा दुसरा. ज्याला ज्वारी परवडते त्याने ती अवश्य खावी. भाकरी सावकाश चावून खावी लागते आणि लवकर तृप्ती देते, हा तिचा गुण आहे. परंतु दोन पोळ्यांच्या जागी मोठ्या तीन भाकरी खाणाऱ्याची साखर उतरणार नाही. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ३४ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. वऱ्हाडातील थोराड भाकरीला ८० ग्रॅमपर्यंतही पीठ लागते. तशा तीन भाकरींतून एका जेवणात दीडशे ग्रॅमहून अधिक पिष्टमय पदार्थ पोटात जातात.

२०२५ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आहारविषयक अभ्यासाने हीच गोष्ट व्यापक प्रमाणावर दाखविली आहे. १,२१,०७७ प्रौढांच्या या अभ्यासात भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येत असल्याचे आढळले. पिष्टमय पदार्थांचे एकूण प्रमाण तेच ठेवून केवळ तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ वापरल्याने धोका कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र त्यांतील थोडा भाग कमी करून त्याऐवजी डाळी-कडधान्ये किंवा दूध-दही यांतील प्रथिने घेतली असता धोका घटण्याची शक्यता दिसून आली. धान्य कोणते, यापेक्षा धान्य किती आणि त्याच्या जोडीला काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

ताटाची नवी मांडणी

यासाठी वजनकाटा घेऊन बसण्याची गरज नाही. जेवणाच्या ताटाचे मनाने दोन भाग करावेत. अर्धा भाग भाजी आणि कच्च्या कोशिंबिरीचा असावा. उरलेल्या अर्ध्या भागापैकी निम्म्यात डाळ, कडधान्य, झुणका, दही, अंडे किंवा मासळी असावी आणि निम्म्यात भाकरी, पोळी किंवा भात असावा. आरंभ भाजी व कोशिंबिरीने करावा, नंतर डाळ आणि शेवटी भाकरी, असा क्रम ठेवल्यास जेवणानंतर साखर चढण्याचा वेग मंदावतो. भाकरी आणि भात दोन्ही घ्यावयाचे असतील, तर भाताच्या वाटीमागे भाकरीचा तेवढा वाटा कमी करावा.

वऱ्हाडच्या ऋतुचक्रात या मांडणीसाठी लागणारी सामग्री भरपूर आहे. पावसाळ्यात तरोटा, आंबाडी आणि कटुर्ली मिळतात. हिवाळ्यात मेथी, पालक, वालाच्या शेंगा, तुरीचे सोले आणि भरताची वांगी येतात. उन्हाळ्यात चिवळीची भाजी, गवार आणि काकडी असते. बरबटी, मोठ, मूग व हरभरा मोड आणून खाता येतात. अकोला हे डाळ गिरण्यांचे नावाजलेले केंद्र आहे. तरीही अनेक घरांत वरण इतके पातळ होते की माणशी वाट्याला डाळीचे मोजके दाणे येतात. दर जेवणाला माणशी निदान एक मूठ, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम कोरडी डाळ पडेल असे घट्ट वरण केल्यास त्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. झुणका उत्तम, मात्र त्यावर तेलाचा तवंग नसावा. ठेच्याला मनाई नाही, पण मीठ बेताचे असावे. सर्व पदार्थ मिळून दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवण्याची राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. मूत्रपिंडाचा विकार जडला असल्यास डाळी व प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

गरीब कुटुंबाला हे परवडेल काय, ही शंका रास्त आहे. माणशी ५ किलो धान्य म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य होय. बैठे काम करणाऱ्या मधुमेही प्रौढाची धान्याची गरज याहून फार अधिक नसते. अंगमेहनत करणाऱ्याची ती अधिक असते. जे घर याशिवाय आणखी धान्य विकत घेते, त्याने त्या पैशांतील काही वाटा डाळ, अंडी आणि भाजीकडे वळविला तर नवा खर्च फारसा न वाढता ताट बदलू शकते. बाजारातील 'मधुमेहींसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांची आणि पिठांची आवश्यकता नाही.

फळांविषयीही गैरसमज आहेत. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यातील संत्रे मधुमेहींनी अजिबात खाऊ नये, असे नाही. एक मध्यम संत्रे सोलून फोडीसह खाण्यास हरकत नाही. पाच संत्र्यांचा गाळलेला रस मात्र साखरेचे पाणीच ठरतो. पेरू, जांभूळ, पपईची फोड ही फळे बेताने घेता येतात. उसाचा रस आणि बाटलीबंद शीतपेये टाळावीत. उन्हाळ्यात साखर न घातलेला मठ्ठा हा त्यांना चांगला पर्याय आहे.

चहा, सण आणि उपवास

एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर मावते. कपाला दोन चमचे या हिशेबाने दिवसाचे सहा कप घेणाऱ्याच्या पोटात केवळ चहातून ६० ग्रॅम साखर जाते. कार्यालयात, पंचायतीत आणि पाहुण्यांकडे चहा नाकारणे कठीण असते. साखर वेगळी देण्याची पद्धत पाडली तर हा संकोच उरत नाही. गुळाने फरक पडत नाही. रक्तशर्करेच्या दृष्टीने गूळ आणि साखर एकाच माळेचे मणी होत.

पोळ्याची पुरणपोळी, अक्षय्य तृतीयेचा आमरस, मार्गशीर्षातील रोडग्यांचे जेवण आणि भंडाऱ्याची पंगत हे येथील जीवनाचे आनंदाचे क्षण आहेत. त्यांपासून रुग्णाला कायमचे तोडणे म्हणजे पथ्य मोडण्याची तयारी करणे होय. सणाच्या दिवशी अर्धी पुरणपोळी घ्यावी, त्या जेवणातून भात वगळावा आणि सायंकाळी दोन फेऱ्या अधिक माराव्यात. रोडग्यासोबतची वांग्याची भाजी अधिक आणि रोडगा एकच घ्यावा. रस्त्यावरचा गिलावडा व कचोरी हे नित्याचे खाणे न राहता प्रसंगाचे खाणे व्हावे.

उपवासाविषयी अधिक सावध राहावयास हवे. साबुदाण्याची उसळ ही जवळजवळ संपूर्ण पिष्टमय असते आणि साखर झपाट्याने वाढविते. अंबादेवीच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या मधुमेही व्यक्तीने आधी डॉक्टरांना विचारावे. काही गोळ्या आणि इन्शुलिन घेऊन उपाशी राहिल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, एकाएकी तीव्र भूक लागणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून तत्काळ द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी आणि त्यानंतर जेवण द्यावे. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडातून काहीही न देता त्याला त्वरित दवाखान्यात न्यावे. शेतात जाणाऱ्या रुग्णाच्या खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे.

चालणे आणि श्रम

अमरावतीला व्यायामाची थोर परंपरा आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायाम व खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. मधुमेही व्यक्तीला अपेक्षित असलेला व्यायाम मात्र याहून पुष्कळ साधा आहे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे पुरेसे ठरते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास स्नायू रक्तातील साखर थेट वापरतात. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा किंवा भिंतीला टेकून जोर काढावेत. अकोल्याचा पारा मे महिन्यात कित्येकदा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत चालणे पहाटेच करावे आणि पाणी भरपूर प्यावे. विडी, तंबाखू आणि खर्रा सोडणे हा उपचाराचाच भाग होय, कारण साखर आणि तंबाखू मिळून रक्तवाहिन्यांची हानी दुपटीने करतात.

औषध आणि तपासण्या

आहार व व्यायाम हे औषधाचे सोबती आहेत. ते औषधाची जागा आपोआप घेत नाहीत. मेटफॉर्मिन ही गोळी १९५७ पासून वापरात असून ती बहुधा प्रथम दिली जाते. ती दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होऊ शकते, म्हणून शाकाहारी रुग्णांनी त्याची तपासणी करून घ्यावी. कारले, मेथी, जांभळाच्या बिया यांचा आहारात समावेश करण्यास हरकत नाही. पण त्यांच्या भरवशावर गोळ्या बंद करणे घातक ठरते. इन्शुलिन लागले म्हणजे शेवट आला, ही भीतीही निराधार आहे. विजेचा भरवसा नसलेल्या घरात एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरल्यास आतील कोरड्या डब्यात इन्शुलिनला उन्हाळ्यातही पुष्कळसा गारवा मिळतो.

आजार परत फिरू शकतो काय, असेही विचारले जाते. ब्रिटनमधील एका अभ्यासात निदान होऊन सहा वर्षे उलटली नव्हती अशा रुग्णांना देखरेखीखाली काही महिने अत्यल्प उष्मांकाचा आहार देऊन त्यांचे वजन घटविण्यात आले. वर्षअखेर त्यांच्यापैकी ४६ टक्के रुग्णांची साखर औषधावाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. दुसऱ्या वर्षअखेर हे प्रमाण ३६ टक्के होते. हा मार्ग स्वतःच्या मनाने अवलंबण्याचा नव्हे. जे मूळचेच बारीक आहेत त्यांना तो लागू पडेलच असेही नाही. परंतु अतिरिक्त वजन असणाऱ्यांनी आरंभीच ते उतरविल्यास आजाराची गती बदलू शकते, एवढे निश्चित.

साखर आटोक्यात दिसली तरी वर्षातून एकदा डोळ्यांच्या दृष्टिपटलाची, लघवीतील प्रथिनांची, रक्तातील क्रिएटिनिनची आणि पायांच्या संवेदनेची तपासणी झालीच पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे आणि तेथील गावांतून मूत्रपिंडाच्या तक्रारी दीर्घकाळ मांडल्या जात आहेत. तेथील मधुमेहींनी रक्तदाब व मूत्रपिंडाच्या तपासणीत मुळीच हयगय करू नये. पायांची काळजी हा शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा विषय आहे. संवेदना कमी झालेल्या पायात पऱ्हाटीचे धसकट घुसले तरी कळत नाही आणि लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. रोज रात्री पाय धुऊन, पुसून तळवे पाहावेत. शेतात, अंगणात, इतकेच नव्हे तर पायी वारीतही अनवाणी चालू नये.

घर आणि गाव

निदान एका व्यक्तीचे होते. पथ्य मात्र चुलीपाशी ठरते. वेगळे पातेले हे घरातील स्त्रीवरील दुप्पट ओझे असते आणि रुग्णाला ती शिक्षा वाटते. वर सांगितलेले ताट घरातील प्रत्येकाला हितकर आहे, कारण मधुमेहीच्या भावंडांना आणि मुलांना या आजाराचा धोका अधिक असतो. जेथे रुग्ण ही घरातील स्त्रीच असते, तेथे आणखी एक अडचण येते. सर्वांमागून जेवणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला भाजी आणि डाळ संपून भाकरी व भातच उरतो. तिचा वाटा आधी काढून ठेवणे हे औषधाइतकेच आवश्यक आहे. गरोदरपणी ज्यांची साखर वाढली होती, अशा स्त्रियांनी पुढेही नियमित तपासणी करून घ्यावी.

असंसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची छाननी हे त्याचे आता एक प्रमुख अंग आहे. आशा सेविका घरोघरी जाऊन प्रश्नावली भरतात व कंबरेचे माप घेतात. पुढील तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. या सोयींचा लाभ शेवटच्या घरापर्यंत पोहोचविणे हे स्थानिक नेतृत्वाचे काम आहे.

ग्रामपंचायतीला यासाठी मोठा निधी लागत नाही. छाननीच्या दिवसाची दवंडी देणे, वेचणीच्या हंगामात मजुरांना सोयीची वेळ आरोग्य सेविकेशी बोलून ठरविणे, गावालगतचा एखादा रस्ता पहाटे चालण्याजोगा ठेवणे, ग्रामसभेच्या चहात साखर वेगळी देणे आणि भंडाऱ्याच्या पंगतीत बुंदीइतकीच कोशिंबीर व उसळ वाढण्याचा पायंडा पाडणे, एवढ्या गोष्टी सहज साधता येतील. शाळेतील शिक्षकाने ताटाचे चित्र फळ्यावर काढून मुलांना ते घरी समजावून सांगावयास लावले, तर तो निरोप पत्रकापेक्षा लवकर चुलीपर्यंत पोहोचतो. परसबागेतील पालेभाजी आणि मोड आलेले कडधान्य शालेय आहारात आले, तर पुढील पिढीची चवही त्याच वळणाची होईल.

मधुमेह आयुष्यभर सोबत राहणारा आजार आहे. म्हणूनच त्याचे पथ्यही आयुष्यभर निभावेल असे असले पाहिजे. दूरच्या बाजारातील वस्तूंवर उभे केलेले पथ्य पहिल्या टंचाईला मोडते. घट्ट वरण, मूठभर मोड, परातभर भाजी आणि मोजकी भाकरी हे पथ्य वऱ्हाडच्या मातीतून येते. ताट तेच राहील; त्यातील वाटे तेवढे बदलावे लागतील. आणि हा बदल करावयाचा तो निदानाचा कागद हाती आल्यापासून पहिल्याच आठवड्यात, एकट्या रुग्णाने नव्हे, तर साऱ्या घराने मिळून.